ज्वालामुखीच्या माळावर बन्सीशेठ

हिंगोली

हिंगोली जिल्ह्यात ज्वालामुखी आहे, ही बातमी खरी आहे. तो शेवटचा वाहिला त्याला सहा कोटींहून अधिक वर्षं झाली, एवढा एकच तपशील पत्रकात नव्हता.

पत्रक अर्ध्या पानाचं होतं आणि एसटी स्टँडजवळच्या चहाच्या टपऱ्यांवर चिकटवलेलं होतं. 'उंच माळावरील ज्वालामुखी प्रदेश व गरम पाण्याचा झरा. एक दिवसाची सहल, माहितगार गाईडसोबत. दुपारचं जेवण तांड्यावर.' खाली सुनीता राठोडचा मोबाइल नंबर होता. सुरुवातीला आलेल्या बहुतेक फोनचा सहलीशी संबंध नव्हता, असं तिने नंतर सांगितलं. आमच्याकडे औंढा-वसमतच्या बाजूला काही गावांत जमिनीच्या पोटातून अधूनमधून गुरगुर ऐकू येते. फळीवरची भांडी वाजतात, लोक अंगणात येऊन उभे राहतात, एकमेकांकडे पाहतात आणि परत आत जातात. त्यामुळे ज्वालामुखी हा शब्द छापलेला पाहिल्यावर लोकांना एकच माहिती हवी होती: फुटणार कधी? एका गृहस्थाने मुलीचं लग्न अलीकडे ओढावं का, असा सल्ला विचारला. घाई नाही, असं सुनीताने कळवलं.

सहलीला प्रत्यक्षात आले ते मोजके, मी धरून चौघं. निवृत्त मुख्याध्यापक कांबळे सर मार्च महिन्यात स्वेटर आणि कानटोपी घालून आले. 'उंच माळावरील' हे शब्द त्यांनी पत्रकात अधोरेखित केले होते. त्यांच्या खिशात कापराची पुडी होती. केदारनाथला गेलेल्या शेजाऱ्याने त्यांना सांगितलं होतं की उंचावर हवा विरळ होते, तेव्हा कापूर हुंगावा. त्यांच्या पत्नी कांबळेबाई सरकारी दवाखान्यातून नर्स म्हणून निवृत्त झालेल्या. त्यांनी कापूर नाकारला, पण पर्समध्ये थर्मामीटर ठेवलं. "गरम पाणी म्हणजे किती गरम, ते कुणी सांगत नाही," असं त्या म्हणाल्या.

तिसरे बन्सीशेठ. मोंढ्यात, म्हणजे हळदीच्या बाजारात, त्यांची आडत आहे. हळकुंड हातात घेऊन मोडायचं, आवाज ऐकायचा, आतला रंग बघायचा आणि भाव बोलायचा, हे काम ते मिसरूड फुटल्यापासून करत आले आहेत. ते सहलीला हौसेने आले नव्हते. गाडीत पुढच्या सीटवर बसल्या बसल्या त्यांनी आपण का आलो, ते सगळ्यांना ऐकवलं.

"नायकानं बोलावलं म्हणून येऊन राहिलो. न्हाई तं रविवारी मी घर सोडत न्हाई. नायक म्हणले, बन्सीशेठ बघून जाईल. त्यानं चांगलं म्हणलं तं लोकं येऊ द्यायची. न्हाई म्हणला तं झऱ्याकडं कोणी फिरकायचं न्हाई."

"आणि तुम्ही काय म्हणणार?" कांबळेबाईंनी विचारलं.

"अजून बघितलं कुठं? पण उनकेश्वरचं गरम पाणी मी बघितलंय. मला कोणी फसवू शकत न्हाई."

ही अट कुठून आली, तेही इथेच सांगायला हवं. गेल्या हिवाळ्यात काही पोरं मोबाइलवर चित्रीकरण करायला झऱ्यावर गेली होती. तांड्याच्या बाया तिथे धुणं धूत होत्या तरी ती हलली नाहीत, आणि जाताना बाटल्या टाकून गेली. तांड्याचे नायक फुलसिंग यांनी त्या दिवसापासून वाट बंद केली. सुनीता त्यांच्याच भावाची लेक. ती भूगर्भशास्त्र शिकली, ओडिशातल्या एका खाणीवर काही वर्षं राबली आणि आपल्याच माळावर लोकांना फिरवायचं ठरवून परत आली. नायकांनी तिला एकच फेरी दिली, आणि परीक्षक म्हणून बन्सीशेठ दिले, कारण सगळ्या तांड्याची हळद त्यांच्याच आडतीवर जाते. खाणीवाल्यांनी तिची जागा अजून भरली नव्हती. येते की नाही, ते तिला सोमवारी कळवायचं होतं.

बन्सीशेठ बोलत होते तेव्हा ती मागच्या सीटवर पाण्याच्या बाटल्या मोजायचं नाटक करत होती.

वारंगा फाटा

फाट्यावर गाडी थांबवायची नाही, असा विचार आमच्या भागात कोणी करत नाही. नांदेडला जाणारा, नागपूरला जाणारा आणि कुठेच न जाणारा, तिघेही इथे खिचडी खातात. गरम पिवळी खिचडी, वर भजी, शेजारी कढी. ड्रायव्हर मुनीरभाईंनी दुसरी प्लेट मागवली आणि विचारलं, "मॅडम, ज्वालामुखी में रोड कैसा है?"

"कच्चा."

"फिर तो ये आखरी खाना समझके खाता हूँ."

कांबळे सर खिचडी खाताना मधूनमधून कापूर हुंगून घेत होते. अजून आपण हिंगोलीपेक्षा उंच आलेलो नाही, असं त्यांच्या पत्नीने त्यांना सांगितलं. सवय करून घेतो, असं उत्तर आलं.

बन्सीशेठनी खिचडीच्या रंगावरून आत कुठली हळद आहे ते सांगितलं. हॉटेलवाल्याला ते मान्य नव्हतं. शेठनी त्याला हळदीचा डबा आणायला लावला, चिमूट तळहातावर चोळली, उजेडात धरली आणि म्हणाले, "भेसळ न्हाई. पण जुनी हाय. मागच्या सालची." हॉटेलवाला डबा घेऊन निमूट आत गेला. सुनीता ते लक्ष देऊन पाहत होती. अशा माणसाकडून दाखला मिळाला तर तो नायकच काय, कलेक्टरही मानेल, असं ती हळू आवाजात म्हणाली.

माळ

फाट्यावरून आत वळल्यावर रस्ता चढत जातो. दोन्ही बाजूंना आधी उसाचे आणि हळदीचे मळे, मग हळद काढून उकरलेली रानं, मग नुसता काळा दगड, आणि एका वळणावर सगळं संपून आभाळच. माळ आमच्या जिल्ह्याच्या मानाने उंच आहे. हिमालयाच्या मानाने तो नाही, हे कांबळे सरांना इथे पटलं आणि त्यांनी स्वेटर काढला. कानटोपी मात्र ठेवली.

सुनीताने सगळ्यांना कड्याच्या काठावर उभं केलं. समोर खाली दरी, पलीकडे तसाच दुसरा सपाट माळ, आणि मधल्या डोंगरांच्या पोटावर आडव्या पायऱ्या. कोणीतरी पातळ भाकऱ्यांची चळत ठेवून सुरीने कापावी तसं दिसत होतं.

"एकेक पायरी म्हणजे एकेक लाव्हाचा थर," ती म्हणाली. "एक वाहिला, थंड झाला. त्याच्यावर माती साचली, पाऊस पडला. मग दुसरा वाहिला. मधे ती लाल रेघ दिसते ना? ती दोन थरांमधली माती. वरच्या लाव्हाने भाजून निघाली, म्हणून विटेसारखी लाल."

सगळ्यांनी लाल रेघ पाहिली. ती चांगली होती. मग बन्सीशेठनी प्रत्येकाच्या मनातला प्रश्न विचारला.

"बराबर. पण ज्वालामुखी कुठं हाय?"

"हाच."

"हा तं माळ हाय."

"माळच ज्वालामुखी आहे, शेठ. तुम्ही त्याच्यावर उभे आहात."

बन्सीशेठनी पायाखाली पाहिलं. एक मुंगळा चालला होता.

"भोक कुठं हाय?"

सुनीताने समजावलं की इथे शंकूसारखा डोंगर आणि वर भोक असा प्रकार नव्हता. जमिनीला लांबलचक भेगा पडल्या आणि त्यांतून लाव्हा पसरत गेला. शेठनी मान डोलावली आणि मुनीरभाईंकडे वळून म्हणाले, "भोक न्हाई." मुनीरभाई सहानुभूतीने चुकचुकले.

पुढच्या उतरणीला दगडांचे उभे खांब होते, सहा कोनांचे, एकमेकांना चिकटून. कोणी मुद्दाम घडवून रचून ठेवावेत असे. थंड होताना लाव्हा आक्रसतो आणि चिखल सुकताना तडकतो तसा तडकतो, हे सुनीताने सांगितलं. कांबळे सर इथे पहिल्यांदा खुलले. कितीतरी वर्षं पोरांना हे पुस्तकातलं चित्र दाखवून शिकवलं आणि ते परदेशातलंच असणार असं धरून चाललो, असं ते म्हणाले. त्यांनी एका खांबावर हात ठेवून फोटो काढून घेतला. बन्सीशेठनी खांबावर नखाने टकटक केली. "दगड टणक हाय," एवढा अभिप्राय दिला. तो सुनीताच्या बाजूने धरायचा की विरुद्ध, हे स्पष्ट झालं नाही.

झरा

झरा नाल्याच्या काठाला, खांबांच्या तळाशी आहे. तांड्याने त्याला दगड लावून लहान कुंड केलंय. बाया सकाळी धुणं आटपून गेल्या होत्या. दगडांवर अजून साबणाचे पांढरे डाग होते. पाणी नितळ, तळाचे खडे दिसत होते. मधूनच एखादा बुडबुडा वर येई, विचार करत आल्यासारखा.

पाण्यातून वाफ येत नव्हती.

सुनीताने आधीच सांगून टाकलं. "पाणी उकळत नाही. खोलवरून येतं, येताना निवतं. थंडीत जास्त जाणवतं. पण बाराही महिने असंच असतं, आणि आमच्या तांड्यात कुणाला..."

"एक मिनिट," कांबळेबाई म्हणाल्या. त्यांनी थर्मामीटर झटकलं, कुंडात धरलं, मनाशी काहीतरी मोजलं आणि उजेडाकडे तोंड करून वाचलं. सगळे वाट पाहत होते.

"कणकण आहे," त्या म्हणाल्या. "ताप म्हणता येणार नाही."

बन्सीशेठनी एक पाऊल पाण्यात घातलं आणि बाहेर काढलं. "कोमट हाय. आमच्या घरी सोलरचं पाणी ढगाळ दिवसाला असं येतं." ते सुनीताकडे वळले. "पोरी, तू शिकलेली हाईस. वाईट वाटून घेऊ नको. पण लोकं एवढी तकलीफ घेऊन येतील, अन् काय बघतील? माळ अन् कोमट पाणी? भोक न्हाई, धूर न्हाई, गंधक न्हाई. उनकेश्वरला कसा, जवळ गेलं की वास येतो. नायकाला मी काय सांगू?"

"जे आहे ते सांगा," सुनीता म्हणाली. आवाज सरळ होता, पण ती हातातल्या ओढणीला गाठी मारत होती.

कांबळेबाईंनी गुडघ्यापर्यंत पाय कुंडात सोडले आणि बराच वेळ काढले नाहीत. बरं वाटतंय, असं त्या म्हणाल्या. पण त्या परीक्षक नव्हत्या. सुनीता त्यांच्या शेजारी बसून खालच्या थरांमधून पाणी कसं फिरत येतं ते सांगू लागली. बन्सीशेठ कंटाळून नाल्याने खाली निघाले. कांबळे सर त्यांच्यामागे गेले, कारण उतार होता.

खालचा डोह

हाक ऐकू आली ती आधी मोराची वाटली. मग शब्द कळले.

"इकडं या! समदे इकडं या! खरा झरा हितं हाय!"

नाला एका खडकाला वळसा घालतो तिथे खाली एक खोलगट डोह आहे. त्यातून वाफ निघत होती. पाणी पिवळं होतं, गडद, काठाच्या दगडांवरही पिवळी साय चढलेली. बन्सीशेठ धोतर वर खोचून गुडघ्यापर्यंत डोहात उभे होते. चेहऱ्यावर अशी प्रसन्नता दिवसभरात पहिल्यांदाच दिसली.

"गंधक!" ते म्हणाले. "बघा रंग! याला म्हणत्यात गंधकाचं पाणी. अन् गरम कसं हाय, पाय भाजून राहिले!"

कांबळे सर पाण्यात नव्हते, पण काठावर वाकून त्यांनी बाटली भरायला घेतली होती. त्यांच्या मेहुण्याला त्वचेचा त्रास आहे. कांबळेबाईंनी सवयीप्रमाणे थर्मामीटर घातलं. पारा टोकापर्यंत गेला आणि तिथेच अडून राहिला. "हा आकडा माणसात बघितला असता तर मी डॉक्टरांना उठवलं असतं," त्या म्हणाल्या. हे ऐकून शेठना आणखी बळ आलं. त्यांनी ओंजळ भरून कोपरांना चोळली, कपाळाला लावली, टकलावर थापली. मग बोट बुडवून जिभेवर ठेवलं आणि डोळे मिटले.

"कडवट हाय. औषधच हाय हे."

मग त्यांनी पाण्यातूनच जाहीर केलं, "गाईडला सोताच्या गावचा झरा माहीत न्हाई! वरचं दाखवत बसली! नायकाला सांगतो, असा झरा जिल्ह्यात न्हाई. दर रविवारी गाड्या येऊ द्या. मी माझी माणसं पाठवतो!"

सुनीता तोवर खडकाच्या वळणावर पोहोचली होती. तिने डोहाकडे पाहिलं. मग डोहात येणारी बारीक पिवळी धार जिथून येत होती तिकडे, चढावर पाहिलं. मग शेठच्या पायांकडे. होकार मिळाला होता. चार माणसांसमोर, मोठ्या आवाजात, न मागता. ती काही बोलली नसती तर बोलणारं दुसरं कोणी तिथे नव्हतं.

"शेठ," ती म्हणाली, "हा झरा एप्रिलपर्यंतच असतो."

"म्हंजी?"

"हळद शिजवायची संपली की बंद."

चढाच्या आड, जेमतेम हाकेच्या अंतरावर, तांड्याचा बॉयलर चालू होता. हिंगोली जिल्ह्यातल्या कोणालाही ही रचना समजावून सांगावी लागत नाही: खाली जाळ, वर पाण्याची टाकी, टाकीतून नळीने वाफ ड्रममध्ये, ड्रममध्ये ओली हळद. शिजली की तोटी सोडतात आणि पिवळं गरम पाणी खाली वाहून जातं. हंगामात बॉयलर रात्रंदिवस चालतो. वाफ डोहातून कमी आणि चढावरून जास्त येत होती, हे आता वर पाहिल्यावर सगळ्यांना दिसलं.

बन्सीशेठ डोहात तसेच उभे राहिले. त्यांनी हात नाकाशी नेला. वास घेतला. परत घेतला.

"मला वास येत न्हाई," ते म्हणाले. त्यात राग नव्हता, आश्चर्य होतं.

"मलाही नाही आला," कांबळेबाई म्हणाल्या. आमच्यापैकी कोणालाही आला नव्हता. हिंगोलीत या महिन्यांत मोंढ्याची हवा, गोदामांची हवा, रेल्वे स्टेशनची हवा एकाच वासाची असते. लेकरू जन्मल्यापासून तीच घेतं. त्यामुळे परगावचा माणूस गाडीतून उतरल्यावर विचारतो, हळदीचा केवढा वास, आणि आम्ही विचारतो, कुठं? गंधक समजून हळदीच्या पाण्यात उतरण्याची चूक सांगलीच्या हळदपेठेतला माणूसही करू शकेल. पण ती करायला आधी हळदीच्या बाजारात वाढावं लागतं.

कांबळे सरांनी बाटली हळूच दगडामागे उलटी केली.

गाडी तांड्यापाशी लावून मुनीरभाई आत्ता येत होते. त्यांनी शेठना डोक्यापासून पायापर्यंत न्याहाळलं. "शेठ, मुबारक हो," ते म्हणाले. "शादी किसकी है?"

कोणी हसलं नाही, आणि ते फार अवघड गेलं.

तांडा

तांड्यापर्यंतच्या वाटेवर बन्सीशेठ वरच्या कुंडापाशी थांबले आणि पाय घासू लागले. आधी हाताने, मग वाळूने, मग बायांनी विसरलेल्या साबणाच्या तुकड्याने. हळदीचा रंग असा जात नाही हे सगळ्यांत चांगलं ज्याला माहीत असायला हवं, तोच माणूस पाय घासत होता. रंग उतरला नाही. थोडा जास्त चकाकू लागला.

"तुला बोलायची काय गरज व्हती?" त्यांनी मान वर न करता सुनीताला विचारलं. "मी व्हय म्हणून राहिलो व्हतो ना?"

"तुम्ही माणसं पाठवणार म्हणालात."

"मंग?"

"ती मे महिन्यात आली असती."

शेठनी साबण खाली टाकला. "आता ऐक. हे मोंढ्यात कळलं ना, की बन्सीशेठला हळद वळखली न्हाई, तं बीट चालू असताना, भाव बोलायला गेलो की लोकं हसतील. त्याच्यापरीस मी नायकाला सांगतो, हितं काही न्हाई, वाट बंदच ठेवा. कोणी येणार न्हाई, कोणी विचारणार न्हाई. ईषय संपला."

सुनीता पुढे चालत राहिली. कांबळेबाई तिच्या बरोबरीने चालू लागल्या आणि तिला ओडिशात हवा कशी असते ते विचारलं. तिथे फार दमट असतं, असं ती म्हणाली.

नायकांचं घर तांड्याच्या मधोमध. फुलसिंग नायक उंच, पांढरा फेटा, आवाज खालचा. त्यांच्याकडे पाहुणा जेवून हात धुवेपर्यंत त्याला कामाचं काही विचारायचं नाही, अशी पद्धत आहे. शहरात आपण पाहुण्याला पाणी देता देता काय काम काढलंत विचारतो. त्या दिवशी आमचीच पद्धत बरी वाटली. ज्वारीची बाटी (तांड्यात भाकरीला बाटी म्हणतात), घट्ट डाळ, हिरव्या मिरचीचा ठेचा, कांदा, ताक. जेवण उत्तम होतं आणि कोणाचंच त्यात लक्ष नव्हतं. बन्सीशेठ मांडी घालून बसले होते आणि धोतराचा सोगा पायांवर ओढत होते. धोतर पुरत नव्हतं. कपाळाचं आणि टकलाचं काय करावं याला तर काही उपाय नव्हता. दारातून बाया डोकावत आणि पदर तोंडाला लावून आत जात. दोन लेकरं समोर येऊन बसली आणि शेठकडे एकटक पाहू लागली. नायकांनी त्यांना हाकललं. ती दुसऱ्या बाजूने येऊन बसली.

नायकांनी शेठच्या पायांकडे एकदाही पाहिलं नाही. त्यामुळे त्यांनी ते पाहिलेत, याची सगळ्यांना खात्री होती.

हात धुऊन झाले. सुनीता ताकाचे पेले भरत होती.

"बोला शेठ," नायक म्हणाले. "कसं हाय?"

बन्सीशेठनी घसा साफ केला. वाटेत ठरवलेलं उत्तर त्यांच्या ओठांपर्यंत आल्याचं दिसलं. तेवढ्यात समोरचं एक लेकरू त्यांच्या पायाला बोट लावून बोट बघू लागलं. शेठनी ते बोट धरलं. उजेडाकडे वळवलं. डोळे बारीक केले, फाट्यावर केले होते तसेच.

"नायक," ते म्हणाले, "बॉयलरवर कोण हाय?"

"माझा धाकला. काहून?"

"जाळ कमी कर म्हणावं. हळद फाजील शिजून राहिली." त्यांनी धोतर बाजूला केलं आणि सगळ्या तांड्यासमोर पाय सरळ पुढे केला. "हे बघा. एवढा रंग पाण्यात उतरायला न्हाई पाहिजे. ह्यो रंग हळकुंडात राहायला पाहिजे. तो माझ्या पायावर आला. असा माल आला तं मी काय भाव बोलू?"

नायक वाकले. पायावर अंगठा घासला, अंगठा पाहिला. मग सरळ उभे राहून गोरमाटीत, तांड्याच्या बंजारा बोलीत, अशी हाक मारली की चढापलीकडून लगेच उत्तर आलं. थोड्या वेळाने तिकडचा धूर पातळ झाला.

"डोहात उतरून बघितलं व्हय तुमी?" नायकांनी विचारलं.

"बघावं लागतं."

"अन् डोक्याला?"

"पक्की खात्री करावी लागती," शेठ म्हणाले.

आता दारातल्या बाया हसल्या. मुनीरभाई बाहेर जाऊन हसले. नायक हसले नाहीत. त्यांची मिशी तेवढी हलली. मग त्यांनी विचारलं, "अन् झरा?"

सुनीताच्या हातातल्या तांब्याचं तोंड पेल्यावर तसंच राहिलं.

बन्सीशेठनी पाय आत घेतला. "झरा कोमट हाय."

"व्हय. पहिल्यापासून."

"गंधक न्हाई. धूर न्हाई. ज्वालामुखीला भोक न्हाई."

"मंग?"

"पण नायक, तुमची पोरगी खोटं बोलत न्हाई. पाणी कोमट तं कोमट म्हणली. मी पिवळ्या पाण्याला सोनं म्हणून राहिलो व्हतो, तिला पाहिजे तो शब्द देऊन राहिलो व्हतो, तवा तोंडावर म्हणली, ही हळद हाय." त्यांनी मान हलवली. "असं माणूस मोंढ्यात असतं तं मला आडत बंद करावी लागली असती."

"म्हंजी येऊ द्यायचं?"

"येऊ द्या. माळ बघण्यासारखा हाय. बाईंचे गुडघे पाण्यातून निघत नव्हते. पण खालच्या डोहाकडं कोणी जायचं न्हाई."

नायकांनी थोडा विचार केला. "बायांचं आटपल्यावर," ते सुनीताला म्हणाले. "त्याच्या आधी एक माणूस दिसला न्हाई पाहिजे. अन् बाटली दिसली तं वाट बंद."

"हो काका," सुनीता म्हणाली. तिने तांब्या खाली ठेवला, कांबळेबाईंची पर्स उचलून त्यांच्या हातात दिली, सरांना दंडाला धरून उठवलं आणि दबक्या आवाजात सगळ्यांना सांगितलं, "आता कोणी एक शब्द बोलायचा नाही. काकांचा विचार बदलायच्या आत गाडीत बसा."

बन्सीशेठ अजून ताक पीत होते. तिने त्यांना पेल्यासकट गाडीत चढवलं. पेला नायकांच्या घरचा आहे. पुढच्या रविवारच्या फेरीला सुनीताला तो परत न्यायचा आहे.